आप्पांच्या पथ्यावर

आमचे साडू आप्पा कधीच जेवत नाहीत. ते चव बघतात, वाया जाऊ नये म्हणून संपवतात, वाढणाऱ्याचा मान राखतात, गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही म्हणून दोन घास पोटात ढकलतात. 'आज पोटभर जेवलो' अशी कबुली त्यांच्याकडून आजवर कुणालाही मिळालेली नाही. तरीही त्यांचं पोट त्यांच्या आधी दारातून आत येतं. कारण विचारलं तर 'आमची मूळ प्रकृतीच स्थूल' असं सांगतात, आणि त्या प्रकृतीशी आपला काडीचाही संबंध नसल्याचा चेहरा करतात.

आप्पा एका सहकारी बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झाले. मुक्काम ठाणे, नौपाडा. रोज सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारतात, मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजतात आणि शेवटची फेरी मामलेदार कचेरीच्या दिशेने वळवतात. तिथल्या मिसळीबद्दल ठाण्यात कुणाला काही सांगावं लागत नाही. आप्पा कमी तिखटाची मागवतात. तिखट कमी म्हणजे तर्री कमी, तर्री कमी म्हणजे तेल कमी, तेल कमी म्हणजे पथ्य झालं, आणि पथ्य झालं म्हणजे एक पाव जास्त घ्यायला हरकत नाही. पोऱ्याने टेबल पुसून होईपर्यंत हा सगळा हिशेब आप्पांच्या डोक्यात पुरा झालेला असतो.

मध्यंतरी महाराष्ट्रात घराघरांत दोन पक्ष पडले होते. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा: कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत आटपा, मध्ये तोंडात काही टाकू नका आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दुसरा ऋजुता दिवेकरांचा: दर दोन तासांनी थोडं थोडं खा, घरचं आणि मोसमातलं खा, तुपाला भिऊ नका. या प्रश्नावरून सख्ख्या भावांचं वाजलं, भिशीमंडळं फुटली. आप्पांनी मात्र दोघांचाही मान राखला. दोन मोठी जेवणं ते दीक्षितांच्या नावावर घालतात आणि मधलं सगळं दिवेकरांच्या. तूप दिवेकरांचं, ते चापायला लागणारी ५५ मिनिटं दीक्षितांची. चालण्याचं ज्यांनी सांगितलं त्यांनी ते बघावं. या दोन तज्ज्ञांचं एकमत होऊ शकतं हे त्यांना स्वतःला ठाऊक नसेल. आमच्या आप्पांच्या पोटात ते केव्हाच झालेलं आहे.

क्रूझचा घाट घातला तो ताईंनी. ताई म्हणजे आप्पांचं कुटुंब, माझ्या बायकोची थोरली बहीण. मुलाबाळांची लग्नं उरकल्यावर त्यांनी एकच मागणं मागितलं: "थोडे दिवस मला स्वयंपाकघर दिसायला नको." मुंबईहून लक्षद्वीपला जाणारं जहाज सापडलं. आम्ही दोघंही त्यांच्याबरोबर निघालो.

सगळी जेवणं तिकिटातच आहेत हे वाचल्यावर आप्पा गंभीर झाले.

"साडूभाऊ, तिथे माणसं फुगतात म्हणे."

"मग बेतानं खायचं, आप्पा."

"बेतानंच. पण तयारी आधीपासून हवी."

तयारी म्हणजे निघण्याआधीचा पंधरवडा ज्वारीची भाकरी आणि ताक. 'खात्यात शिल्लक टाकून ठेवतोय, तिकडे उचल होणार' असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. जुन्या बँकेची एक न वापरलेली लांब वही काढली, तिच्यात जमा-नावे असे रकाने आखले. डाव्या बाजूला काय खाल्लं, उजव्या बाजूला किती चाललो. ताईंच्या शिवणाच्या डब्यातली मापाची टेपही बॅगेत गेली, कारण भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी आणि बाईची ८० च्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बीएमआय २३ च्या वर गेला की आपल्याकडे वजन जास्त धरतात आणि २५ झाला की स्थूल.

"आणि गोऱ्यांना?" आप्पांनी मला विचारलं. "गोऱ्यांना स्थूल म्हणायचं ते तीसला! हा उघड अन्याय आहे. स्वातंत्र्य मिळून एवढी वर्षं झाली, पण पाच आकड्यांची सवलत अजून त्यांनाच."

तेवढ्याच वजनाला आपल्या लोकांच्या पोटावर चरबी जास्त साठते आणि मधुमेह लवकर गाठतो म्हणून ही मर्यादा खाली आणली, हे मी समजावून सांगितलं. आप्पांनी ते ऐकून घेतलं. ऑडिटरला कारणं नेहमीच ऐकून घ्यावी लागतात. पटवून घ्यावी लागत नाहीत.

बॅलार्ड पिअरला सामान आत गेल्यावर आप्पा एकदम हळवे झाले. त्यांचं मूळ गाव मालवण. वडिलांच्या वेळी गावी जायचं ते कोकण बोटीने, भाऊच्या धक्क्यावरून. बरोबर दशम्या आणि लसणाची चटणी, हुंगायला लिंबू, चघळायला आवळासुपारी. तरीही बोट लागायचीच. माणूस डेकवर आडवा पडायचा, दशम्या फडक्यातच राहायच्या आणि पोटात आधीचं असेल तेही समुद्रार्पण व्हायचं. मालवणच्या बंदरात पडावात उतरेपर्यंत मुंबईकर चाकरमानी निम्मा झालेला असायचा.

"या समुद्राने आमच्या घराण्याचं पिढ्यान् पिढ्या घेतलंय," आप्पा म्हणाले. "या खेपेला सगळं व्याजासकट वसूल करायचंय."

मला तेव्हाच कळायला हवं होतं की वहीतले सगळे रकाने आता या एका वाक्याच्या हाताखाली काम करणार आहेत.

जहाज सुटण्यापूर्वी सगळ्यांना सुरक्षेचं प्रात्यक्षिक दाखवतात. भोंगा झाला की कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं. आमचा गट जमला होता तिथून उपाहारगृहाचं दार दिसत होतं. जॅकेटचे पट्टे आप्पांच्या पोटावर जेमतेम पुरले. गणवेशातल्या मुलीने 'काही शंका?' असं विचारलं, तेव्हा आप्पांनी हात वर केला आणि जेवण किती वाजेपर्यंत चालू असतं ते विचारून घेतलं. आजूबाजूचे हसले खरे, पण उत्तर ऐकायला सगळेच पुढे सरकले.

बुफेला भिडण्यापूर्वी रिकाम्या हाताने एक चक्कर मारावी, सगळं बघावं आणि मगच ताट उचलावं, असा एक शहाणपणाचा सल्ला आहे. आप्पांना तो माहीत होता. त्यांनी हात पाठीमागे बांधून पाहणी सुरू केली. कांदा, लसूण, बटाटा नसलेला जैन विभाग. समोर डोसा काढून देणारा आचारी. पलीकडे पास्ता, पावभाजी, बिर्याणी, मासे, आणि शेवटी जिलबी, गुलाबजाम, पुडिंग आणि केक यांचं भिंतभर टेबल. पण पुस्तकं नुसती लांबून बघून ऑडिट होत नाही. नमुना तपासावा लागतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी आप्पांनी चमचाभर नमुना उचलला. पाहणी पुरी झाली तेव्हा एका माणसाचं जेवण होऊन गेलं होतं. मग ताट घेऊन ते प्रत्यक्ष तपासणीला निघाले.

सॅलडपाशी ते थांबले नाहीत. "गवत मुद्दाम दारात ठेवतात," त्यांनी माझ्या कानात सांगितलं. "स्वस्त माल आधी. माणसाने काकडीवर पोट भरावं आणि कोळंबीपर्यंत पोचूच नये, ही कंपनीची युक्ती. अशी भरपूर प्रकरणं बँकेत पकडलीयत मी."

पहिल्या सकाळचा नाश्ता मी जवळून पाहिला. बशी लहान होती, याबद्दल वाद नाही. ताट लहान असलं की खाणं आपोआप कमी होतं, हे आप्पांनी वाचलेलं होतं. बशीच्या कडेने त्यांनी इडल्यांचा बांध घातला, आतल्या जागेत सांबार सोडलं, एका ठिकाणी पाझर फुटलासा वाटला तिथे मेदूवडा दाबून बसवला. धरणाच्या भिंतीवर पोहे चढले. पोह्यांवर लिंबाची फोड, कारण क जीवनसत्त्व हवंच. दुसऱ्या हातात शिऱ्याची वाटी. ती बशीत नसल्यामुळे बशीच्या हिशेबात धरायची नाही. हे सगळं एक थेंबही न सांडता, डुलत्या जहाजावरून, त्यांनी खिडकीजवळच्या सगळ्यांत लांबच्या टेबलापर्यंत आणलं. टेबल मुद्दामच लांबचं धरलं होतं. काउंटरपर्यंत जाऊन यायची पावलं घड्याळात पडत होती, आणि लहान बशीमुळे खेपा भरपूर होत होत्या.

"बघा," मनगट पुढे करून ते म्हणाले, "नाश्ता करता करता दीड हजार पावलं."

मी जरा हिशेब मांडून दाखवला. त्यांच्या वजनाचा माणूस एक किलोमीटर चालला तर साठ-सत्तर कॅलरी जातात. पाकातल्या एका गुलाबजामात त्या दीडशेच्या घरात असतात. म्हणजे एक गुलाबजाम जिरवायला दोन किलोमीटरांहून जास्त चाल हवी. आप्पा विचारात पडले. दुपारी त्यांनी गुलाबजाम अर्धाच घेतला. अर्धा त्यांनी चार वेळा घेतला.

वरच्या डेकवर चालणाऱ्यांसाठी पट्टी आखलेली असते. तिन्हीसांजेला वारा सुटलेला, सूर्य पाण्यात उतरतोय, अशा वेळी तिथे चालणं हे खरोखरच सुख. आप्पा बुटांच्या नाड्या बांधून उतरले. पण त्या पट्टीच्या एका वळणावर चहा-भज्यांची सोय होती. आप्पांनी दिशा बदलून पाहिली. उलट्या बाजूने गेलं तरी वळण तेच. शेवटी त्यांनी दैवाला दोष दिला आणि एका बशीत दोन प्रकारची भजी घेतली.

राहता राहिली दीक्षितांची ५५ मिनिटं. त्या दिवशी दुपारचं जेवण सुरू होऊन सव्वा तास झाला तरी आप्पा खुर्चीत होते. ताईंनी घड्याळ दाखवलं.

"अहो, वेळ झाली."

"जमिनीवरची झाली," आप्पा शांतपणे म्हणाले. "मैल जमिनीवर केवढा? १.६ किलोमीटर. समुद्रावर? १.८५२. मैल जर समुद्रावर वाढतो, तर मिनिट तेवढंच कसं राहील?"

यावर ताईंनी काहीही उत्तर दिलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात कुठल्या वाक्याला उत्तर द्यायचं नाही हे त्यांना बरोबर कळलेलं आहे.

रात्री बारानंतरही जहाजावर खायला मिळतं. गाणीबजावणी आटपून तरुण मंडळी तिकडे लोटतात. आप्पा त्यांच्यात सगळ्यांत पुढे. बारा वाजून पाच मिनिटं होईपर्यंत ते दारात घड्याळ बघत उभे राहिले.

"आता तारीख बदलली," त्यांनी खुलासा केला. "हे उद्याच्या खात्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला ते पुन्हा हजर. मी आठवण करून दिली, की उद्याच्या खात्यात रात्रीच नोंद पडलेली आहे. आप्पांनी वही उघडली, खोडरबराने काहीतरी पुसलं आणि ती नोंद आदल्या दिवसाकडे ढकलली. "रात्री झोपेपर्यंत दिवस आधीचाच धरायचा असतो," ते म्हणाले. बँकेतल्या ज्या कारकुनांना त्यांनी याच कारणावरून मेमो दिले असतील, त्यांनी हे बघायला हवं होतं.

पण आप्पांना संयमच नाही, असं कुणी म्हणेल तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांचा संयम मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. या जहाजावर जेवण तिकिटात होतं, पण कोल्ड्रिंक, फेसाळ कॉफी, मद्य आणि एखादं खास रेस्टॉरंट यांचं बिल वेगळं होतं. तिथे पोचलं की आप्पांमधला योगी जागा होई. बारसमोर उभं राहून त्यांनी आमच्या गटाला व्याख्यान दिलं. एवढ्याशा कॅनमध्ये पस्तीस ग्रॅम साखर, म्हणजे चांगले सात चमचे. पाण्यासारखं पाणी असताना माणूस हे विष का पितो? एका मुलाने लाजून हातातला कॅन खाली ठेवला. व्याख्यान संपवून आप्पा आत गेले आणि साखरेच्या पाकात न्हालेल्या जिलब्यांची बशी घेऊन आले. जिलब्यांना बिल नव्हतं.

आप्पांना पोटाची भूक फारशी नाहीच. त्यांना खायला लावतो तो हिशेब. तिकिटाच्या रकमेला त्यांनी जेवणांच्या संख्येने भागून ठेवलं होतं, आणि एका जेवणाला पडणारा आकडा त्यांना पाठ होता. वरण-भातावर उठलं की तेवढे रुपये अरबी समुद्रात बुडाले, असं त्यांना खरोखरच वाटे. पैसे मोजताना जीव वरखाली होतो म्हणून माणूस थांबतो. पैसे आधीच मोजून झालेले असले की थांबवणारं कुणी उरत नाही. प्रत्येक भज्याला दोन रुपयांची चिठ्ठी फाडायला लावली असती, तर जहाजावरची निम्मी जनता सडपातळ होऊन उतरली असती आणि आप्पा त्यांचे पुढारी झाले असते.

लक्षद्वीपला ३६ बेटं, पण वस्ती फक्त दहांवर. बेटाभोवती प्रवाळाचं कडं असल्यामुळे मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि लहान बोटीतून माणसांना किनाऱ्यावर नेतात. आतलं पाणी उथळ, काचेसारखं स्वच्छ, आणि त्याचा निळा रंग साडीच्या दुकानातही मिळणार नाही असा. ताई पदर खोचून गुडघाभर पाण्यात उतरल्या. तास झाला तरी बाहेर यायचं नाव नाही. आप्पा नारळाच्या सावलीत घड्याळ बघत होते.

"पहिली बोट साडेबाराला परत जातेय."

"जाऊ दे की," मी म्हणालो.

"अहो, जेवण बुडतंय!"

आणि ते गेले. ज्या बेटासाठी अख्खा समुद्र कापून आलो, ते बेट सोडून आप्पा जहाजावरच्या छोले-भटुऱ्यांकडे परत गेले. बोटीत त्यांच्या जोडीला बरीच मंडळी होती, म्हणजे ही जात दुर्मीळ नाही.

ताई मागे राहिल्या. किनाऱ्यावर एका ठिकाणी ट्यूना मासा आणि भात मिळत होता, खोबरं घातलेला. ताईंनी पदरचे पैसे देऊन एक पान घेतलं, सावकाश जेवल्या, वर शहाळं प्यायल्या. संध्याकाळी आप्पांना हे कळलं तेव्हा ते मटकन खाली बसले.

"जेवणाचे पैसे दोनदा भरलेस?"

"भरले," ताई म्हणाल्या. "मासा ताजा होता."

ताईंचं खाणं आप्पांच्या शेजारीच चालू होतं, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्या बसून खायच्या, उभ्याने कधी नाही. ताट एकदाच भरायच्या. पोहे, उपमा, डोसा यांकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. "ते मी घरी रोज करते. इथे येऊन तेच कशाला खाऊ?" घरी होत नाही ते घ्यायचं, आवडलं तर संपवायचं, नाही आवडलं तर सरळ बाजूला सारायचं. गोड एकच, आणि तेही माझ्या बायकोबरोबर अर्धं-अर्धं. लिफ्टपाशी गर्दी असायची म्हणून त्या जिन्याने चढत-उतरत. रात्री डेकवर गरबा सुरू झाला की पाय दुखेपर्यंत खेळत. कॅलरी म्हणजे काय हे त्यांना विचारलं असतं, तर त्यांनी आप्पांकडे बोट दाखवलं असतं.

येताना एका रात्री समुद्र खवळला. जहाज चांगलंच डोलू लागलं. सकाळी मार्गिकांमध्ये शुकशुकाट, केबिनच्या दारांमागे कण्हणं, आणि ताई आलेपाकाची वडी तोंडात धरून पडून राहिलेल्या. मला वाटलं, चला, आता तरी आप्पांना उपास घडेल. कोकण बोटीचा वारसा आहेच. मी भिंतीला धरत धरत त्यांना शोधायला निघालो. आप्पा उपाहारगृहात होते. एकटे. समोर चार आचारी, आणि चौघेही त्यांच्याच दिमतीला.

"या, या, साडूभाऊ!" ते प्रसन्नपणे म्हणाले. "आज लाइनच नाही."

वडिलांची कसर मुलाने भरून काढली ती अशी.

घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी वजनकाटा निघाला. निघतानाच्या आकड्याहून काटा तीन किलो पुढे गेला. आप्पांनी काटा हलवून पाहिला, फरशी बदलली, खिशातला रुमाल काढून ठेवला. काटा जागचा हलेना. मग त्यांनी शास्त्राला हात घातला.

"एक किलो चरबी चढायला साधारण ७७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. तीन किलोला तेवीस हजार शंभर. एवढं मी खाल्लंय? वही बघा!"

यात तथ्य होतंच. बाहेरच्या खाण्यात मीठ जास्त असतं, मीठ पाणी धरून ठेवतं. भात, पाव, साखर यांचा शरीरात साठा होतो तोही आपल्या तिपटीने पाणी घेऊन बसतो. म्हणून सुट्टीवरून आल्याबरोबर दिसणारं सगळंच वजन चरबीचं नसतं. घरचं खाणं सुरू झालं की आठ-दहा दिवसांत त्यातलं पाण्याचं वजन उतरतं. हे सगळं आप्पांनी मलाच समजावलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात मला खोट काढता येईना.

ताईंनी वही हातात घेतली. डाव्या बाजूला 'नाश्ता', 'दुपार', 'रात्र' अशा नोंदी होत्या, आणि त्या खरोखर माफक होत्या. त्याखाली मात्र प्रत्येक पानावर एक ओळ होती: 'संकीर्ण'. नमुन्याला घेतलेलं, अर्धे गुलाबजाम, वळणावरची भजी, आचाऱ्याचा मान राखायला घेतलेला डोसा, मध्यरात्रीची पावभाजी, ताईंच्या ताटात उरलेलं वाया जाऊ नये म्हणून खाल्लेलं, सगळं त्यात. समोरच्या आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ.

"अहो, संकीर्ण खात्यातच सगळा घोटाळा असतो, असं तुम्हीच सांगायचात ना?" ताईंनी विचारलं आणि वही मिटून फडताळात टाकली.

आप्पा जरा वेळ गप्प बसले. पण त्यांची हार त्यांच्यापुरती कधीच फार काळ टिकत नाही. आठवड्याभरात पाण्याचं वजन उतरलं, काटा दीड किलो मागे आला. ही बातमी त्यांनी नौपाड्यातल्या सगळ्या ओळखीच्यांना फोनवरून दिली: आठ दिवसांत दीड किलो, कुठल्याही औषधाशिवाय! उरलेला दीड किलो 'मूळ प्रकृती'त जमा झाला. या यशाबद्दल त्यांनी मला मामलेदारला मिसळ खाऊ घातली. कमी तिखटाची.

त्याआधी एकदा त्यांनी ताईंना विचारलं होतं, "तू तर काहीच खाल्लं नाहीस. तुझे पैसे वसूल झाले कुठे?"

"झाले की," ताई म्हणाल्या. "इतके दिवस 'आज भाजी काय करू' हे मला कुणाला विचारावं लागलं नाही."

माझ्या मते सगळ्या आहारशास्त्राचं सार एवढ्यात येतं. जहाजावरच्या जेवणाचे पैसे बंदर सुटण्यापूर्वीच गेलेले असतात. न खाल्लेल्या जिलबीचे ते परत मिळत नाहीत, आणि खाल्लेल्या जिलबीचेही मिळत नाहीत. मग खायचंच तर भुकेपुरतं आणि आवडीचं खावं, बसून खावं, घरी रोज मिळतं ते तिथे सोडावं, जिने चढावेत, आणि बेटावर उतरलात तर शेवटच्या बोटीने परत यावं.

आप्पा आता सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या क्रूझची माहिती काढताहेत. दिवस जास्त असल्यामुळे तिथे एक जेवण स्वस्त पडतं म्हणे. त्यांच्यासारखे आप्पा तुम्हालाही प्रत्येक जहाजावर भेटतील, कारण ते प्रत्येक जहाजावर असतात. त्यांच्या टेबलाशी जरूर गप्पा मारा, माणूस लाख आहे. जेवायला मात्र ताईंच्या टेबलावर बसा.